विश्वास आणि जामीन

‘विश्वास पानिपतावर मेला’ अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. नानासाहेब पेशव्यांचा वडील पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजीं रणांगणावर पडला, त्या दुःखद घटनेवर तिनें कोटी केली आहे. आणि गेलीं अडीचशें वर्षें, उसनवारी बुडाल्यावर, भागीदारींत फसगत झाल्यावर, अगर घरच्या गड्यानें हात मारल्यावर, मराठी माणूस ती थोड्या हंसून व थोड्या कडवटपणें उच्चारीत आला आहे. परंतु म्हण अक्षरशः खरी असती तर संसार एक दिवसही चालला नसता. ज्याला आपल्या हातानें पाण्याचा पेला उचलतां येत नाहीं, ज्याला कुशीवर वळविण्यास दुसऱ्याचे हात लागतात, त्या वृद्धास तर विश्वास ठेवण्यावांचून गत्यंतरच नसतें. तेव्हां विश्वास ठेवावा कीं न ठेवावा हा प्रश्न व्यर्थ होय. त्या विश्वासाला जामीन कोण, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. हा जामीन पूर्वीं कोण असे, तो कोठें गेला, आणि त्याच्या जागीं आज कोण उभा आहे, याचा शोध प्रस्तुत लेखांत घेण्याचें योजिलें आहे. कारण मुंबईच्या उपनगरांत एकट्या राहणाऱ्या हजारों म्हाताऱ्या माणसांची सुरक्षितता या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पानिपताच्याच पोटीं एक दुसरी कथा जन्मास आली, ती आमच्या विषयाशीं अधिक निकट आहे. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत शंका राहिली. पत्नी पार्वतीबाई यांनीं तर ती वार्ता मानलीच नाहीं व सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. या दुःखाच्या व आशेच्या आधारावर एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणून पुढें आला. तो रत्नागिरीच्या किल्ल्यांत कैदेंत होता. परंतु पुढें तेथल्या अधिकाऱ्यानेंच, रामचंद्र नाईक परांजपे यानें, त्यास बाहेर काढून उचलून धरलें, आणि कोकणांतील कित्येक ठाणीं पाहतां पाहतां त्याच्या स्वाधीन झालीं. अखेर तो धरला गेला, पुण्यास त्याची चौकशी झाली, आणि १७७६ सालीं त्यास देहदंड मिळाला. हें भाऊसाहेबांच्या तोतयाचें प्रकरण आपण राजकीय बंड म्हणून वाचतों. गृहस्थाच्या दृष्टीनें तें वाचलें तर त्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तोतयाचें खरें भांडवल लोकांची इच्छा हें होतें. गेलेला माणूस परत यावा असें ज्यांना वाटत होतें त्यांनीं त्याला अर्धा भाऊसाहेब आधींच करून ठेवला होता. आणि दुसरी गोष्ट ही कीं, ज्याच्या हातीं त्याला कोंडून ठेवण्याचें काम होतें त्यानेंच त्याची ग्वाही दिली. एकाकी वृद्धाच्या घरीं शिरणारा भामटा याच दोन पायऱ्यांवरून वर चढतो: एक, ‘आई’ म्हणून हांक मारणारें कोणी असावें ही म्हातारीची भूक, आणि दुसरी, मध्यस्थाची खोटी ग्वाही.

सेवकाच्या सचोटीची हमी समाजानें कशी घ्यावी, याचा विचार फार जुना आहे. इ. स. १९०९ सालीं म्हैसुरास आर. शामशास्त्री यांनीं कौटिल्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील दास व कर्मकर यांविषयींच्या प्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, कामकऱ्याशीं झालेला करार आसपासच्या लोकांना ठाऊक असावा आणि जें वेतन ठरलें असेल तें त्यास मिळावें. नियम लहान आहे, पण त्याचें मर्म मोठें आहे. मालक व नोकर या दोघांमध्यें शेजारी हा तिसरा साक्षीदार उभा केला आहे, आणि तो दोघांच्याही हिताचा आहे: नोकराचें वेतन बुडवूं पाहणाऱ्या धन्यालाही त्याचा धाक, आणि धन्यास लुबाडूं पाहणाऱ्या नोकरालाही. मराठी अमदानींत हीच कल्पना जामिनाच्या रूपानें अधिक बारकाईनें विकसित झालेली दिसते. माणूस वेळेवर हजर होईल याची हमी घेणारा तो हजीरजामीन, पैशाअडक्याची भरपाई करणारा तो मालजामीन, आणि वर्तन चांगलें राहील याची हमी देणारा तो फैलजामीन. आजच्या भाषेंत जामीन हा शब्द कोर्टकचेरीपुरता उरला आहे. पूर्वीं तो व्यवहाराच्या प्रत्येक उंबरठ्यावर उभा असे.

तथापि भूतकाळाचें गुणगान करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. पेशवाईंतील मोठ्या वाड्यांत वृद्धांची सेवा करणाऱ्यांत कुणबिणी व बटकी असत, म्हणजे विकत घेतलेल्या अगर दास्यांत पडलेल्या स्त्रिया. त्यांच्या इमानाची वाखाणणी करणें सोपें. परंतु जिला घर सोडून जाण्याची मोकळीकच नाहीं तिच्या इमानाची परीक्षा कोण करणार? इ. स. १८४३ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें गुलामगिरीस न्यायालयांत मिळणारा आधार काढून घेतला. तेव्हांपासून घरची चाकरी हा, निदान कायद्याच्या दृष्टीनें, दोन स्वतंत्र माणसांमधील करार झाला. आणि खरा जामिनाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकांत मुंबई वाढली तशी कोंकणांतून माणसांची रीघ लागली. रत्नागिरीकडून येणारा घरगडी मुंबईंत इतका सार्वत्रिक झाला कीं, त्याचें नांव कांहीं असो, लोक त्याला ‘रामा’ म्हणूनच हांक मारूं लागले. या रामाची चौकशी कोणी कागदावर करीत नसे. कारण तिची जरूरच नव्हती. तो गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत उतरे, खोलींतलाच कोणी चुलता अगर मेहुणा त्याला कामावर लावून देई, आणि त्यानें कांहीं आगळीक केली तर ती बातमी पुढच्या बोटीनें गांवांत पोंचत असे. बहिणीचें लग्न, शेताचा वांटा, शिमग्याचा मान, हें सारें त्याच्या वर्तनाशीं बांधलेलें होतें. म्हणजे फैलजामीन हा शब्द लोपला तरी ती वस्तु शिल्लक होती. सारा गांवच तो जामीन होता.

याच काळांत किल्ल्यांतल्या व मलबार हिलवरच्या साहेबमंडळींनीं दुसरी पद्धति चालू केली, ती कागदाची. नोकर काम सोडतांना धन्याकडून ‘चिठ्ठी’ घेई आणि ती नव्या धन्यास दाखवी. इ. स. १८८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत चिठ्ठी या शब्दाचा ‘नोकरास दिलेलें प्रशस्तिपत्र’ हा अर्थ नोंदविलेला आहे. परंतु गांव उसना आणतां येत नाहीं, आणि कागद येतो. एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्यानें नोकरी पत्करावी, हें गाऱ्हाणें त्या काळीं साहेबांच्या घरोघरीं होतें. हें आपल्याकडेंच घडत होतें असें नव्हे. खुद्द इंग्लंडांत खोटीं प्रशस्तिपत्रें देणाऱ्यास व वापरणाऱ्यास शिक्षा सांगणारा कायदा १७९२ सालींच करावा लागला होता. जेथें माणूस माणसाला ओळखत नाहीं अशा शहरांत कागद हाच जामीन होतो, आणि कागद जामीन झाला कीं कागदाचे कारखाने निघतात, हा नियम लंडन व मुंबई या दोहोंसही सारखाच लागू पडला.

शुश्रूषेचा इतिहास याहून वेगळ्या वाटेनें गेला. मुंबईंत कामा हॉस्पिटल १८८६ सालीं सुरू झालें. परिचर्येचें शिक्षण घेण्यास पुढें आलेल्या पहिल्या हिंदी स्त्रियांत बाई काशीबाई गणपत यांचें नांव १८९१ सालाशीं जोडलेलें आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला आणि रोग्याजवळ बसणारें माणूस किती मोलाचें असतें हें शहरास कळून चुकलें. पुण्यास १८९७ सालीं सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतांच देह ठेवला. पुढें १९०८ सालीं मलबारी व दयाराम गिदुमल यांनीं मुंबईंत सेवासदन काढलें, १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत काढलें, आणि मध्यमवर्गांतील विधवांना व गरजू स्त्रियांना परिचारिकेचा धंदा सन्मानानें करतां येऊं लागला. १९३५ सालच्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें परिचारिकांची व सुइणींची सरकारी नोंदवही आली. स्वतंत्र महाराष्ट्र राज्यांत १९६६ च्या परिचारिका अधिनियमानें तीच व्यवस्था पुढें चालविली. अशा रीतीनें रुग्णालयांतील परिचारिकेस जामीन मिळाला: तिचें शिक्षण, तिचा नोंदणी क्रमांक आणि तिच्या वर्तनाची दखल घेणारी परिषद.

परंतु या नोंदवहींत एक मोठी जागा कोरी राहिली. घरीं येऊन म्हाताऱ्या माणसाला न्हाऊं घालणारी, भरविणारी, रात्रीं उठून कूस बदलणारी आया किंवा मावशी या वहींत कोठेंच नव्हती. १९३५ सालीं तिची उणीव कोणास भासली नाहीं, याचें कारण उघड आहे. घरांत सुना होत्या, लेकी होत्या, विधवा आत्या होती. आणि मुख्य म्हणजे दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहण्याइतकें आयुष्यच थोड्यांना लाभत असे. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानांतील माणसाचें सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आंत होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षें ओलांडलेलीं माणसें देशांत सुमारें १० कोटी ३८ लक्ष भरलीं, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के, महाराष्ट्रांत हें प्रमाण ९.९ टक्के होतें. आयुष्य दुप्पट झालें आणि घरांतले हात निम्म्याहून कमी झाले. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकानें १९७३ सालींच मुलें दूर गेलेल्या वृद्ध दांपत्याचें एकाकीपण रंगभूमीवर आणलें होतें. त्या वेळीं जें कांहीं घरांचें दुःख वाटलें तें आतां पेठांपेठांतून व वाड्यावाड्यांतून पसरलें आहे.

जोगेश्वरीकडे या दृष्टीनें पाहावें. सहाव्या शतकांत शैव साधकांनीं खडकांत कोरलेल्या गुंफेवरून हें नांव पडलें. १९३० सालीं येथल्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज उघडलें. १९५० सालीं मुंबई महापालिकेची हद्द वाढविली गेली ती पश्चिम रेल्वेच्या बाजूनें जोगेश्वरीपर्यंतच. सात वर्षें मुंबई शहर येथें संपत होतें, आणि १९५७ मध्यें हद्द दहिसरास नेण्यांत आली. शहराच्या कडेवर स्वस्तांत जागा मिळते म्हणून गिरणींतले, कचेरींतले, रेल्वेंतले नोकरदार पुढील दोनतीन दशकांत येथें येऊन राहिले. त्यांनीं सोसायट्या बांधल्या, मुलें शिकविलीं, आणि मुलें विरारला, पुण्याला, बंगळूरला अगर समुद्रापलीकडे गेलीं. तेव्हां कवडीमोलानें घेतलेली दोन खोल्यांची जागा आतां लाखांची अगर कोटीची झाली आहे. जागेचा मालक मात्र ऐंशी वर्षांचा, गुडघ्यांनीं अधू, कानांनीं मंद, आणि एकटा आहे. मालमत्ता वाढत जावी आणि ती राखणारे हात थकत जावे, असा हा विलक्षण योग आहे. आणि भामट्याचें लक्ष नेमकें अशाच ठिकाणीं वेधलें जातें. मे २०२३ मध्यें जोगेश्वरी पूर्वेंतील एका वृद्ध दांपत्यावर त्यांच्या सेवेस ठेवलेल्या माणसानेंच हल्ला केल्याची, व त्यांत एकाचा मृत्यू झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. असे रक्तपाताचे प्रसंग विरळा असतात, म्हणूनच त्यांची बातमी होते. मुकाट्यानें होणारी लुबाडणूक छापून येत नाहीं; कारण फसलेल्या म्हाताऱ्याला मुलांसमोर तोंड उघडण्याची लाज वाटते, आणि मुलांना शेजाऱ्यांसमोर.

आज या क्षेत्रांत जामिनाची जागा ‘ब्यूरो’नें घेतली आहे. बारा तासांची बाई, चोवीस तासांची बाई, पुरुष रोग्यासाठीं वॉर्डबॉय, असे मागणीचे प्रकार ठरलेले आहेत. सचोटीनें चालणारे ब्यूरो आहेत, आणि त्यांच्यामुळें कित्येक कुटुंबें तग धरून आहेत, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. परंतु ब्यूरो म्हणजे बहुधा एक टेलिफोन व एक वही. त्यास शुश्रूषेविषयीं कांहीं ज्ञान असावेंच असें नाहीं. फसवणुकीचे प्रकार पाहिले तर ते तोतयाच्या कथेचेच निरनिराळे अवतार दिसतात. पहिला प्रकार नुसत्या जाहिरातीचा: नोंदणी फी व एका महिन्याची रक्कम आगाऊ घ्यावी, दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाई येईल म्हणून सांगावें, आणि टेलिफोन बंद करावा. दुसरा प्रकार अदलाबदलीचा: कागद एकीचे, येणारी दुसरी, किंवा दोन दिवस राहून बाईनें निघून जावें आणि प्रत्येक बदलीस नवी रक्कम मागावी. तिसरा प्रकार बिरुदाचा: पांढरा पोषाख घालून जिला ‘नर्स’ म्हणून पाठवितात तिनें परिचर्येचें शिक्षण घेतलेलेंच नसावें, आणि इन्सुलिनची सुई तिच्या हातीं द्यावी. हे तिन्ही दारावरचे प्रकार होत.

दाराच्या आंत शिरल्यानंतर जें घडतें तें हळूहळू घडतें. औषधांचीं बिलें फुगतात. बांगड्यांच्या जागीं तशाच दिसणाऱ्या खोट्या बांगड्या येतात. पेन्शन काढण्यास जातांना कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक सोबत दिला जातो. मोबाईलवर आलेला ओटीपी वाचून दाखविण्यास बाईच सांपडते, कारण आजोबांचा चष्मा नेहमींच हरवलेला असतो. मग आजोबा निजले आहेत म्हणून मुलीचा टेलिफोन त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. शेजारीण दारावरून परत जाते. ‘तुमचीं मुलें काय, जागेसाठीं टपलीं आहेत’ हें वाक्य दररोज औषधाच्या गोळीबरोबर दिलें जातें. जो माणूस वृद्धाला इतरांपासून तोडतो तो त्याला लुबाडण्याच्या वाटेवर आहे, असें निःशंकपणें समजावें. हरवलेल्या अंगठीपेक्षां तुटलेला संबंध हें अधिक भरंवशाचें लक्षण होय. शेवटीं एखाद्या दुपारीं कागद येतो, आणि थरथरत्या हातानें त्यावर सही होते.

या शेवटच्या टप्प्यासंबंधीं आपला कायदा फार पूर्वींपासून जागा आहे. १८७२ सालच्या करार अधिनियमाच्या सोळाव्या कलमांत ‘अनुचित प्रभाव’ म्हणजे काय हें सांगतांना वय, आजार, अगर मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळें ज्याची बुद्धि तात्पुरती किंवा कायमची दुबळी झाली आहे अशा माणसाशीं केलेल्या कराराचा मुद्दाम निर्देश आहे. आणि असा व्यवहार उघड अन्यायाचा दिसल्यास तो दबावाविना झाला हें सिद्ध करण्याचा भार वरचढ पक्षावर टाकिला आहे. १८९० सालच्या एका खटल्यांत, वृद्ध गृहस्थानें परलोकच्या कल्याणासाठीं आपली सारी मालमत्ता गुरूस दिली होती, तें बक्षीसपत्र अलाहाबाद हायकोर्टानें याच तत्त्वावर रद्द ठरविलें. तेथें गुरु होता, येथें परिचारक आहे. परावलंबनाचें नातें एकच. मात्र एक भेद वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. मृत्युपत्र हयातींत केव्हांही फिरवितां येतें. बक्षीसपत्र एकदां पुरें झालें कीं, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वयें, तें सहजासहजीं परत घेतां येत नाहीं. या अडचणीवर २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें तेविसाव्या कलमांत उपाय योजिला: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कपटानें वा दबावानें घेतली असें मानून परत मिळवितां येते. परंतु सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें स्पष्ट केलें कीं, अशी अट व्यवहारांत असल्याचें दाखविलें पाहिजे. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या एका निकालांत त्यानें हा कायदा वृद्धांच्या हिताचा म्हणून उदारपणें वाचला. तात्पर्य, देणेंच असेल तर सांभाळाची अट त्या कागदांतच लिहिलेली असावी.

चोरीच्या बाबतींतही हाच विचार दिसतो. १८६० च्या दंडसंहितेंत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत, आणि नोकरानें धन्याच्या घरीं केलेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें ३०६ व्या कलमांत ती कमाल मर्यादा कायम ठेविली आहे. चोरीहून विश्वासघात भारी, हा जुना न्याय दोन्ही ठिकाणीं मान्य झाला.

पण शिक्षा ही घटनेनंतरची गोष्ट. घटनेपूर्वींचा जामीन सरकारनें अजिबात दिला नाहीं असें नव्हे. २००७ च्या कायद्याखालीं महाराष्ट्रानें २०१० सालीं केलेल्या नियमांप्रमाणें प्रत्येक पोलीस ठाण्यानें आपल्या हद्दींतील ज्येष्ठ नागरिकांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावयाची आहे. महिन्यांतून निदान एकदां समाजसेवकासह त्यांची भेट घ्यावयाची आहे. आणि त्यांनीं विनंति केल्यास घरच्या नोकरांच्या पूर्ववृत्ताची चौकशी तत्परतेनें करावयाची आहे. कौटिल्याचा शेजारी येथें खाकी पोषाखांत उभा केला आहे. हा हक्क मागावा लागतो, आणि तो मागण्यास जाणारे फार थोडे, हें खरें दुःख.

आतां दुसरी बाजू. जिच्याविषयीं आपण हा सारा संशय बोलून दाखवितों ती बाई कोण? ती बहुधा स्वतःच्या म्हाताऱ्या सासूला गांवीं टाकून आलेली असते. रोग्याचें घर ब्यूरोला जें देतें त्यांतून कमिशन वजा जाऊन तिच्या हातीं किती पडतें हें घरच्यांना ठाऊक नसतें. चोवीस तासांच्या कामांत झोपेचे तास कोणते हें कोणीं लिहिलेलें नसतें, आणि कपाटांतला दागिना जागेवर नसला कीं पहिला बोल तिलाच लागतो. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तो अशा स्त्रियांच्या मदतीसाठीं. देशभर लागू पडेल असा स्वतंत्र कायदा करण्याविषयीं विचार करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें केंद्र सरकारला सुचविलें. जिचें नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं तिला लुबाडणें जितकें सोपें, तितकेंच तिच्या नांवाखालीं भलत्याच बाईनें घरांत शिरणेंही सोपें. म्हणून नोंद ही दोघांचीही ढाल आहे. याशिवाय एक कटु सत्य सांगितल्यावांचून राहवत नाहीं: म्हाताऱ्यांची जागा लिहून घेणारे हात पुष्कळदां रक्ताच्या नात्याचेच असतात, आणि बाहेरच्या बाईवर संशयाचा दिवा धरतांना आपली स्वतःची सांवली भिंतीवर पडते.

मग शहाण्या कुटुंबानें करावें तरी काय? तुटलेला जामीन शक्य तितक्या धाग्यांनीं पुन्हां विणावा. जी बाई येणार तिला आधीं समक्ष भेटावें; तिचें मूळ ओळखपत्र पाहून चेहऱ्याशीं ताडून घ्यावें, गांवचा पत्ता व घरचें एखादें माणूस विचारावें, आणि पूर्वीं ज्या दोन घरीं तिनें काम केलें तेथें स्वतः जाऊन यावें; ब्यूरोनें दिलेल्या टेलिफोनवरचा गोड आवाज हा साक्षीदार नव्हे. नर्स म्हणून पाठविलेली असेल तर परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. ब्यूरोशीं ठरलेलें सारें, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, बदलीची अट, बाईच्या हातीं पडणारी रक्कम, लिहून घ्यावें, आणि मोठी रक्कम आगाऊ न देतां पैसे बँकेमार्फत द्यावे. पूर्ववृत्ताच्या चौकशीसाठीं पोलीस ठाण्यांत अर्ज द्यावा, व तो दिल्याचें बाईलाही मोकळेपणीं सांगावें. दागिने व जागेचे कागद बँकेच्या लॉकरमध्यें असावे. मोह समोर ठेवून मग सचोटीची परीक्षा पाहणें हा दोघांवरही अन्याय आहे. घरखर्चाचें खातें वेगळें, थोड्या शिलकेचें करावें, आणि त्याचे संदेश मुलांकडेही जावे. वृद्धाचा टेलिफोन त्याच्या उशाशीं, त्याच्याच हातीं असावा. वेळीं अवेळीं न कळवितां जावें, आणि दहा मिनिटें तरी त्याच्याशीं एकट्यानें बोलावें. कोणताही कागद वृद्धाच्या स्वतःच्या वकिलानें वाचून दाखविल्याशिवाय सहीस ठेवूं नये. संकटाच्या वेळीं पोलिसांसाठीं ११२, ज्येष्ठांच्या साहाय्यासाठीं १४५६७, व बँकेंतील रक्कम कपटानें गेल्यास १९३०, हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावे. शेवटच्या क्रमांकावर पहिल्या तासांतच कळविलें तर गेलेली रक्कम वाटेंत अडविण्याचा संभव अधिक.

हें सारें करतांना आजोबांना विचारल्याशिवाय कांहींही करूं नये. त्यांचें आयुष्य त्यांनीं विश्वासानें काढलें आहे. शेवटचीं वर्षें पहारेकऱ्यांच्या वेढ्यांत काढावयास लावणें म्हणजे चोराचें भय घालवून कैद देण्यासारखें होईल. फसलेल्या म्हाताऱ्याला ‘तुम्हांला कळत कसें नाहीं’ असें विचारणाऱ्या मुलानें पुढच्या वेळची बातमी आपल्यापर्यंत पोंचण्याचा मार्ग स्वतःच बंद केलेला असतो.

जुन्या मुंबईंत रामाचा जामीन गांव होता, कारण त्या खोलींतल्या प्रत्येकास रामाचें खरें नांव, त्याचें घर आणि त्याच्या बहिणीचें लग्न ठाऊक होतें. तें गांव आतां परत येणार नाहीं; परंतु तें ज्या ओळखीवर उभें होतें ती ओळख एका घरांत, एका मजल्यावर, एका सोसायटींत पुन्हां करतां येते. ज्यांचे आईबाप दूर जोगेश्वरीला, ठाण्याला अगर सांगलीला एकटे आहेत त्यांनीं या रविवारीं टेलिफोन करावा, आणि आईची प्रकृति विचारून झाल्यावर तिच्या खोलींत वावरणाऱ्या बाईस बोलावून घ्यावें. तिचें पूर्ण नांव काय, गांव कोणतें, मुलें किती, आणि काल रात्रीं तिला झोप मिळाली कीं नाहीं, एवढें तिच्यापाशींच विचारावें. मग समोरच्या बिऱ्हाडांतल्या काकूंना तीच ओळख करून द्यावी.